ट्रॅक्टरची निवड : जड अवजारे व सिंधुदुर्गातील जमीन

नांगर, तव्यांचा कुळव, रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांचे मशागतयंत्र), भरलेली ट्रॉली यांसारखी जड अवजारे ओढण्यासाठी, उचलण्यासाठी किंवा फिरविण्यासाठी लागणारी शक्ती आणि ट्रॅक्टरची अश्वशक्ती, वजन व आकारमान यांचा मेळ घालणे म्हणजे ट्रॅक्टरची निवड होय. ही निवड केवळ एंजिनाच्या अश्वशक्तीवरून करता येत नाही. अवजाराला किती ओढ लागते, ती ओढ ट्रॅक्टरची चाके त्या जमिनीवर देऊ शकतात की नाही, अवजार उचलल्यावर ट्रॅक्टरचा तोल राहतो की नाही आणि तो शेतापर्यंत पोहोचून तेथे वळू शकतो की नाही, या चार गोष्टी पाहाव्या लागतात. सपाट व विस्तीर्ण शेतांच्या प्रदेशात यांपैकी पहिल्या दोन निर्णायक ठरतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवणच्या किनारपट्टीत, शेवटच्या दोन आधी पाहाव्या लागतात. त्यामुळे देशावर उपयुक्त ठरलेला ट्रॅक्टर व त्याचे अवजार तसेच्या तसे तळकोकणात आणणे बहुधा तोट्याचे आणि कधीकधी धोक्याचेही ठरते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात जड अवजारांचा प्रसार प्रथम देशावरील काळ्या जमिनीत झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिल्यावर या नांगरांचा प्रसार वाढला. खोल नांगरटीसाठी अशा नांगरांना बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. हेच काम पुढे ट्रॅक्टरकडे आले. भारतात ट्रॅक्टरांचे उत्पादन १९६० च्या सुमारास सुरू झाले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना मुंबईत कांदिवली येथे निघाला. या काळातील ट्रॅक्टरांची रचना मुख्यतः मोठ्या, कोरड्या व सलग शेतांच्या गरजेनुसार झालेली होती.

ट्रॅक्टरची शक्ती विक्रेत्याच्या शब्दावर न घेता परीक्षेने ठरविण्याची पद्धत अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्यात १९२० मध्ये सुरू झाली. भारतात हे कार्य मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था करते. तिच्या परीक्षण अहवालांत मागील फिरत्या दंडावर मिळणारी शक्ती, ओढण्याची क्षमता व उचलयंत्रणेची क्षमता यांच्या नोंदी असतात. ट्रॅक्टरच्या बाजूवर रंगविलेल्या अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या नोंदी ग्राहकाला अधिक उपयोगी पडतात.

ओढ व अश्वशक्ती : नांगराला लागणारी ओढ ही तासाच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि मातीचा विशिष्ट रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. हा रोध हलक्या रेताड जमिनीत दर चौ. सेंमी.स सु. ०.२ किग्रॅ. भार, मध्यम जमिनीत ०.३५ ते ०.५ आणि भारी चिकण जमिनीत ०.८ पर्यंत असतो. प्रत्येकी ३० सेंमी. रुंदीचे दोन फाळ असलेला नांगर २० सेंमी. खोल चालविल्यास छेद १,२०० चौ. सेंमी. होतो. मध्यम जमिनीत (०.५) त्याला ६०० किग्रॅ. भार, तर भारी जमिनीत (०.८) ९६० किग्रॅ. भार इतकी ओढ लागते. ताशी ४.५ किमी. म्हणजे सेकंदाला १.२५ मी. वेग धरल्यास ओढण्यासाठी प्रत्यक्ष लागणारी शक्ती अनुक्रमे १० व १६ अश्वशक्ती येते.

एंजिनाची सर्व शक्ती अवजारापर्यंत पोहोचत नाही. दंतचक्रांत, चाकांच्या घसरणीत आणि मातीत रुतून चालण्यात तिचा मोठा भाग खर्ची पडतो. घट्ट जमिनीत एंजिनाच्या शक्तीचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग ओढीसाठी मिळतो. भुसभुशीत अथवा ओल्या जमिनीत तो आणखी कमी होतो. निम्मा भाग मिळतो असे धरल्यास वरील नांगरासाठी अनुक्रमे २० व ३२ अश्वशक्तीचे एंजिन लागेल. मातीतील कठीण भाग व चढ यांसाठी थोडी शिल्लक शक्ती ठेवावी लागते. त्यामुळे भारी जमिनीत दोन फाळी नांगरासाठी ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वापरतात.

वजन व पकड : चाके जमिनीला जितकी पकड घेऊ शकतील तितकीच ओढ ट्रॅक्टर देऊ शकतो. घट्ट जमिनीत ही ओढ चालक चाकांवरील भाराच्या सु. निम्मी, तर मोकळ्या मातीत सु. एकतृतीयांश असते. ९६० किग्रॅ. ओढीसाठी चालक चाकांवर घट्ट जमिनीत सु. १,९२० किग्रॅ., तर मोकळ्या मातीत सु. २,९०० किग्रॅ. भार असावा लागतो. एंजिन मोठे असूनही ट्रॅक्टर हलका असेल, तर चाके जागीच फिरतात आणि इंधन वाया जाते. नांगरटीत १० ते १५ टक्के घसरण चालते. त्याहून अधिक झाल्यास नांगराची रुंदी किंवा खोली कमी करावी. चाकांवर लोखंडी वजने लावून किंवा टायरांत पाणी भरून पकड वाढविता येते. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढील चाकांवरील भारही ओढीसाठी उपयोगी पडतो.

याचा अर्थ, जड अवजाराला वजनदार ट्रॅक्टर लागतो. सिंधुदुर्गातील अडचण नेमकी येथेच सुरू होते, कारण तेथील बरीचशी शेतजमीन वजनदार ट्रॅक्टर पेलू शकत नाही.

सिंधुदुर्गातील जमीन : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यापैकी बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. जांभ्या दगडाचे कातळसडे, डोंगरउतारावरील वरकस जमीन, व्हाळांच्या व नद्यांच्या काठचे भाताचे मळे, किनाऱ्यालगतची नारळीची रेताड जमीन आणि कर्ली, गड यांसारख्या नद्यांच्या खाड्यांलगतच्या चिकण खार जमिनी असे तिचे प्रकार आढळतात. भातशेती लहान खाचरांत होते. त्यांना मालवणी बोलीत कुणगे म्हणतात. कुणग्यांभोवती मातीच्या मेरा असतात व उतारावर एकाखाली एक असलेल्या कुणग्यांना पुष्कळदा दगडी गडग्यांचा आधार असतो. पावसाळी पिकाखेरीज जेथे पाणी टिकते तेथे वायंगणी भातही घेतात.

सु. दोन गुंठ्यांचा, म्हणजे २० मी. लांब व १० मी. रुंद असा कुणगा घेतल्यास मोठ्या ट्रॅक्टरची मर्यादा स्पष्ट होते. अवजारासह वळण्यासाठी दोन्ही टोकांना प्रत्येकी ४ मी. जागा सोडावी लागली, तर लांबीचा ४० टक्के भाग वळण्यातच जातो. तो पुन्हा आडवा चालवून किंवा बैलजोताने व कुदळीने पुरा करावा लागतो. कोपरे राहतात ते वेगळेच. शिवाय अनेक कुणग्यांना स्वतंत्र वाट नसते. वरच्या कुणग्यातून किंवा शेजाऱ्याच्या मेरेवरून जावे लागते. वजनदार ट्रॅक्टरच्या चाकाखाली मेर फुटली किंवा गडगा ढासळला, तर खालच्या कुणग्यातील पीक व पाणी दोन्ही धोक्यात येतात.

भाताच्या चिखलणीत आणखी एक बाब महत्त्वाची असते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीमुळे सु. १५ ते २० सेंमी. खोलीवर घट्ट थर तयार होतो. तो पाणी धरून ठेवतो आणि माणसाचे, बैलाचे वा यंत्राचे वजनही पेलतो. अतिजड ट्रॅक्टरने हा थर फुटल्यास चाके रुततात आणि त्या कुणग्यात पाणी टिकेनासे होते. त्यामुळे येथे खोल नांगरट करणारे अवजार केवळ अनावश्यक नसून अपायकारक असते.

फिरती अवजारे : चिखलात चाकांना पकड मिळत नसल्याने ओढीऐवजी फिरत्या दंडाने शक्ती देणे अधिक श्रेयस्कर असते. रोटाव्हेटरची पाती ट्रॅक्टरच्या मागील दंडावरून, सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे या गतीने मिळणाऱ्या शक्तीने फिरतात. ती माती कापताना ट्रॅक्टरला किंचित पुढेही ढकलतात. त्यामुळे जड नांगरासाठी लागणारे वजन येथे लागत नाही. चाकांना लोखंडी पिंजऱ्याची जोड दिल्यास रुतणेही कमी होते. सु. १.५ मी. रुंदीच्या रोटाव्हेटरला साधारणपणे ३५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. १५ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला ०.८ ते १.२ मी. रुंदीचे यंत्र योग्य ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील लहान भातखाचरांत चालकाने मागे चालत हाकावयाच्या दोन चाकी यंत्राचा, म्हणजे पॉवर टिलरचा, झपाट्याने प्रसार झाला. १९६० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने त्याचे उत्पादन भारतातही सुरू झाले. हे यंत्र ८ ते १५ अश्वशक्तीचे असून मेर ओलांडून लहान कुणग्यात नेता येते.

तोल व सुरक्षितता : हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेल्या तीन बिंदू जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरलाच जोडून उचलता येऊ लागले, १९३९ मध्ये फोर्ड ट्रॅक्टरवर ही जोडणी आल्यानंतर तिचा जगभर प्रसार झाला. खालच्या खिळींचा व्यास पहिल्या वर्गाच्या जोडणीत २२ मिमी. व दुसऱ्या वर्गाच्या जोडणीत २८ मिमी. असतो. खिळी जुळली म्हणजे अवजार जुळले, असे मात्र नाही. उचललेले अवजार मागील आसाभोवती तरफेसारखे कार्य करून पुढील चाकांवरील भार कमी करते. सुकाणू ताब्यात राहण्यासाठी एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढील चाकांवर राहावा लागतो.

उदा., ३५० किग्रॅ. वजनाच्या रोटाव्हेटरचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १.२ मी. मागे आहे असे मानू. १,८०० किग्रॅ. वजनाच्या, आसांतील अंतर १.९ मी. असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवर मुळात ७२० किग्रॅ. भार असल्यास अवजार उचलल्यावर तो सु. ५०० किग्रॅ. राहतो, म्हणजे एकूण वजनाच्या सु. २३ टक्के. तेच अवजार ९०० किग्रॅ. वजनाच्या व १.५ मी. आसांतराच्या लहान ट्रॅक्टरला लावल्यास पुढील भार ३६० वरून ८० किग्रॅ.वर, म्हणजे सु. ६ टक्क्यांवर येतो. असा ट्रॅक्टर पाणंदीच्या चढावर पुढून उचलला जातो. ट्रॅक्टर मागे उलटण्यास दोन सेकंदांहूनही कमी वेळ लागत असल्याने चालकाला उडी मारण्याची संधी बहुधा मिळत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली, ती याच कारणाने.

ट्रॉलीबाबतही हाच विचार करावा. चिरे, वाळू किंवा खत भरलेली ३,००० किग्रॅ. वजनाची चारचाकी ट्रॉली १० मी. अंतरात १ मी. उतरणाऱ्या वाटेवर ट्रॅक्टरला सु. ३०० किग्रॅ. भाराने पुढे ढकलते. त्यात ९०० किग्रॅ. वजनाच्या ट्रॅक्टरचा स्वतःचा ९० किग्रॅ. भार मिळतो. ओल्या वाटेवर ५४० किग्रॅ. भाराच्या मागील चाकांचे ब्रेक घर्षणगुणांक ०.४ धरल्यास सु. २१६ किग्रॅ. रोधच देऊ शकतात. चाकांच्या फिरण्यातील नैसर्गिक रोध हिशेबात घेतला तरी हा ट्रॅक्टर ट्रॉली आवरू शकत नाही. चढ चढणे जमले म्हणून उतरणेही जमेल, हा समज म्हणूनच घातक आहे. अशा वाटेवर भार कमी करणे किंवा स्वतंत्र ब्रेक असलेली ट्रॉली वापरणे हाच उपाय होय.

क्षेत्र व खर्च : लावणीपूर्व मशागतीसाठी १० दिवस व रोज ८ तास, म्हणजे ८० तास मिळतात असे धरू. पॉवर टिलर ०.६ मी. रुंदीने ताशी २ किमी. वेगाने चालल्यास व वळण्यातील वेळ वजा केल्यास तासाला सु. ०.०८ हे. क्षेत्र होते. दोन पाळ्यांच्या हिशेबाने त्याने सु. ३ हे. भातक्षेत्र वेळेत उरकते. १.२ मी. रोटाव्हेटरचा लहान ट्रॅक्टर ताशी २.५ किमी. वेगाने सु. ०.२ हे. काम करतो व सु. ८ हे. क्षेत्राला पुरतो, मात्र कुणगे मोठे आणि वाट असलेले हवेत.

भारतात ट्रॅक्टरच्या खर्चाचा हिशेब सामान्यतः वर्षाला १,००० तास वापर गृहीत धरून करतात. एक हेक्टर भातासाठी पॉवर टिलरला वर्षाला २५ तास व लहान ट्रॅक्टरला १० तास काम मिळते. आंबा, काजू वा नारळीच्या बागेतील फवारणी, मशागत व वाहतूक धरली तरी लहान खातेदाराचे एकूण तास फारसे वाढत नाहीत. अशा खातेदाराने मोठा ट्रॅक्टर कर्जाने घेतल्यास हप्ते जमिनीच्या उत्पन्नातून फिटणे कठीण असते; ते फेडण्यासाठी यंत्र सतत वाहतुकीच्या कामाला लावावे लागते आणि भाताच्या हंगामात ते शेतावर नसते. त्याला भाड्याचे किंवा अनेकांच्या सामाईक मालकीचे यंत्र अधिक परवडते. २०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्य देण्याची तरतूद झाली. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ या विभागातील पिकांप्रमाणे अवजारांवरही संशोधन करते.

निवडीचा क्रम : तळकोकणात प्रथम वाटेची रुंदी, मेरा व सर्वांत लहान कुणगा मोजावा, त्यावरून यंत्राचे कमाल आकारमान ठरते. नंतर जमिनीला पेलेल असे वजन व वाटेवरील चढउतार पाहावेत. या मर्यादेत बसणारा ट्रॅक्टर ठरल्यावर त्याला झेपेल अशा ओढीचे, रुंदीचे व वजनाचे अवजार निवडावे आणि शेवटी हंगामातील तासांशी त्याचा ताळा घालावा. सलग माळावर किंवा मोठ्या बागेत हा क्रम उलटा, म्हणजे अवजारापासून ट्रॅक्टरकडे, लावता येतो. काम मोठे व ट्रॅक्टर लहान असा पेच पडल्यास अधिक जड अवजार न लावता अरुंद अवजाराने जादा फेऱ्या कराव्यात. त्यात काही तास अधिक जातात. पण मेर, घट्ट थर व चालक सुरक्षित राहतात.