रिपोर्टमध्ये रेमिशन, मग केमो का वाढवली?

आजचा विषय मावसभावाच्या फोनवरून सुचला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला बी-सेल एएलएल आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पहिल्या महिन्याची केमो संपली, बोन मॅरो तपासला, मायक्रोस्कोपखाली रेमिशन. घरात सगळे खूश. आणि मग दुसरा रिपोर्ट आला : एमआरडी पॉझिटिव्ह, ०.२ टक्के. डॉक्टर म्हणाले, पुढची औषधं जास्त कडक द्यावी लागतील. "अरे, गेलाय ना कॅन्सर? मग पोरीला अजून त्रास कशाला?"

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण त्या दोन्ही रिपोर्टांत चूक काहीच नाहीये.

मॅरोत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, ५ टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या आणि रक्त सुधारलं, की रेमिशन म्हणतात. निरोगी मॅरोतही थोडे ब्लास्ट असतातच, त्यामुळे त्याखाली नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. आता हिशेब करा. १० लाख पेशींमध्ये ५ टक्के म्हणजे ५० हजार! तेवढ्यात बरंच काही लपू शकतं. हा लपलेला, उरलेला आजार म्हणजे एमआरडी.

तो शोधतं फ्लो सायटोमेट्री. पेशींना चमकणारे रंग लावलेल्या अँटीबॉडी चिकटवतात आणि बारीक धारेतून एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात. टोलनाक्यावर एकेक गाडी जाते ना, तसं. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार आणि आतला दाणेदारपणा कळतो, रंगांवरून तिच्या अंगावरची प्रथिनं. सेकंदाला हजारो पेशी.

खरी गोची पुढे आहे. सीडी१९ आणि सीडी१० ही प्रथिनं ल्युकेमियाच्या पेशींवर असतात, तशीच हेमॅटोगोन नावाच्या अगदी निरोगी कोवळ्या बी-पेशींवरही असतात. आणि केमोनंतर मॅरो सावरताना याच वाढतात! म्हणून एका प्रथिनावर निकाल लागत नाही. निरोगी पेशी ठरलेल्या क्रमाने मोठ्या होतात. त्या वाटेवर न बसणारा घोळका शोधायचा. हे काम अजूनही अनुभवी डोळ्यांचंच आहे. (सॉफ्टवेअरवाल्यांनी फार उड्या मारू नयेत, मी धरून.)

यावरून पुढचा अंदाज कसा? अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुपने २००८ साली दोन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास छापला. २९व्या दिवशीच्या मॅरोतला एमआरडी हा आजार उलटण्याचा सगळ्यात महत्त्वाचा इशारा ठरला. सीमा होती ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक पेशी. आपल्याकडच्या आयसीकल उपचारपद्धतीतही हा आकडा बघून मुलांचा गट ठरतो. पुतणीचा ०.२ म्हणजे त्या सीमेच्या वीसपट. म्हणून औषध वाढलं. पॉझिटिव्ह आलेली मुलंही बरी होतात, आणि निगेटिव्ह असूनही काहींचा आजार उलटतो. जनुकीय तपासणीही सोबत बघावी लागते.

मावसभावाला दोन प्रश्न लिहून दिले. पुढच्या वेळी मॅरोच्या पहिल्या उपशाचा नमुना फ्लोला पाठवणार का? नंतरच्या उपशात रक्त मिसळतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. दुसरं, एकूण किती पेशी मोजल्या? फक्त ५० हजार मोजल्या असतील, तर दहा हजारांत एक या हिशेबाने हाती पाचच लागणार, आणि पाच ठिपक्यांना कुणी घोळका म्हणत नाही. त्याने कागदाचा फोटो काढून वहिनीला पाठवला. पुढची तपासणी जवळ आली आहे.