क्रेडिट कार्डचे बिल ऑनलाइन भरताना : ‘मिनिमम ड्यू’वर बोट ठेवू नका

आमच्या घरात क्रेडिट कार्ड आले ते मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी. पहिले बिल आले, बँकेचे ॲप उघडले, तर समोर दोन रकमा. टोटल ड्यू 20,000 आणि मिनिमम ड्यू 1,000. आम्हाला वाटले, बँकेनेच सवलत दिलीय. 1,000 भरले आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’ वाचून अल्हम्दुलिल्लाह म्हटले. पुढच्या बिलात व्याज लागून आले. बचत खात्यावर जमा होणारे व्याजसुद्धा आम्ही बाजूला काढून सवाबच्या नियतीशिवाय देऊन टाकतो, आणि इथे आपल्याच हाताने सूद भरला!

म्हणून हे नीट समजून घेऊ या.

मिनिमम ड्यू भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज टळत नाही. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला 40 टक्क्यांच्या वर. हिशेब करा. 19,000 राहिले तर एका महिन्याचे व्याज 665 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सुमारे 785. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा 1,000 भरले तरी मूळ रक्कम जेमतेम दोनशेने कमी होणार. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला की त्याच दिवसापासून मीटर सुरू.

आता भरायचे कसे? कार्ड आणि खाते एकाच बँकेत असेल तर सोपे. नेटबँकिंगमध्ये ‘क्रेडिट कार्ड’ विभागात जा, ‘टोटल ड्यू’ निवडा, ओटीपी टाका, झाले. बँका वेगळ्या असतील तर ‘बिल पेमेंट’मध्ये क्रेडिट कार्ड निवडून कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव शोधा. तिसरा मार्ग एनईएफटीचा. बेनिफिशियरी जोडताना खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा पूर्ण नंबर टाकायचा आणि आयएफएससी कोड कार्ड देणाऱ्या बँकेच्या वेबसाइटवर दिलेला, कार्ड पेमेंटचाच घ्यायचा. पैसे नंबर बघून जमा होतात, नाव बघून नाही. त्यामुळे आकडे दोनदा तपासा, एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला लावा. नवीन बेनिफिशियरीला सुरुवातीचे काही तास बँका मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते हे खरे, पण कार्डावर रक्कम दिसायला वेळ लागू शकतो. ड्यू डेटच्या तीन-चार दिवस आधी भरलेले बरे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच दंड लावता येतो. पण ती सूट दंडाची आहे, व्याजाची नव्हे.

ऑटोपे लावलात तर तिथेही तोच प्रश्न येतो, टोटल की मिनिमम? आमच्या एका सहकारी मॅडमनी न वाचता मिनिमम ठेवले होते, कित्येक महिने कळलेच नाही. आणि ऑटोपे बहुधा पुढच्या बिलापासून लागू होतो. चालू बिल स्वतः भरा.

ॲपमध्ये ‘ईएमआयमध्ये बदला’ असे बटण चमकत असते. तेही व्याजच. कार्डने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी वेगळी.

कार्ड मुळात ठेवावे की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. मुदतीत पूर्ण भरणार असाल तर काहीजण परवानगी देतात, तर काहींचा करारातल्या व्याजाच्या अटीलाच आक्षेप आहे. तो मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. आम्ही शाळामास्तर, फतवा देणारे नाही.

ज्यांची बाकी आधीच चढलीय त्यांनी पुढच्या ड्यू डेटची वाट बघू नये. व्याज रोजच्या हिशेबाने वाढते. आजच बँकेला फोन करा, ‘आज सगळे मिटवायला किती भरावे लागेल’ हा आकडा विचारा आणि तेवढे भरा. फोनचा नंबर मात्र कार्डाच्या मागे छापलेलाच घ्या.