ब्रेक्झिटचं घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडायचा कौल दिला, ४८.१ टक्क्यांनी राहायचा. ब्रिटन प्रत्यक्षात बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२०च्या रात्री. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधानांनी खुर्ची सोडली, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, बाहेर पडायची तारीख तीनदा पुढे गेली आणि सरकारला सर्वोच्च न्यायालयात दोनदा हार खावी लागली. हे भिजत घोंगडं साऱ्या जगानं पाहिलं. त्यातून तयार झालेले काही समज मात्र अजूनही गप्पांमध्ये, कधी कधी अग्रलेखांमध्येही, जसेच्या तसे भेटतात. त्यांतले प्रमुख तपासून पाहू.

गैरसमज १ : जनतेनं कौल दिला आणि खासदारांनी तो दाबून ठेवला.

वस्तुस्थिती : बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करायला खासदारांनी मोकळ्या हातानं परवानगी दिली होती. लिस्बन कराराचं कलम ५० लागू करण्याच्या विधेयकाला १ फेब्रुवारी २०१७ रोजी कॉमन्स सभागृहात ४९८ मतं पडली, विरोधात फक्त ११४. अडलं ते पुढे, पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला करार मंजुरीला आला तेव्हा.

कॉमन्समध्ये मतदानासाठी खासदार उठून सभागृहाच्या दोन बाजूंच्या दोन मार्गिकांमधून चालत जातात. एक ‘होय’ची, दुसरी ‘नाही’ची. दारातून बाहेर पडताना डोकी मोजली जातात. १५ जानेवारी २०१९ला ‘होय’कडून २०२ जण गेले, ‘नाही’कडून ४३२. आधुनिक काळात ब्रिटनच्या कुठल्याही सरकारचा सभागृहात इतका मोठा पराभव झालेला नाही. ‘नाही’च्या मार्गिकेत मे यांच्याच हुजूर पक्षाचे ११८ खासदार होते आणि त्यांतले बहुतेक ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक होते. करार फार मवाळ आहे, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या सोबतीनं त्याच दारातून दुसरं सार्वमत मागणारे, महासंघातच राहू इच्छिणारेही बाहेर पडले. पुढे मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी या कराराविरुद्ध दोनदा मत दिलं आणि तिसऱ्या वेळी बाजूनं. तिसऱ्यांदाही, २९ मार्चला, करार ३४४ विरुद्ध २८६ मतांनी पडला. तेव्हा ब्रेक्झिट एकट्या ब्रेक्झिटविरोधकांनी रोखलं, हे खरं नाही. ब्रेक्झिटवाल्यांचाही त्यात तेवढाच हात होता.

गैरसमज २ : ‘बाहेर पडायचं’ म्हणजे काय, हे सार्वमतानं ठरलंच होतं.

वस्तुस्थिती : मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहायचं की निघायचं. निघून कुठं जायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वेसारखं एकल बाजारपेठेत राहायचं, तर युरोपीय कामगारांना दार उघडं ठेवावं लागणार. जकात संघात राहायचं, तर इतर देशांशी स्वतःचे जकात करार करता येणार नाहीत. कॅनडासारखा नुसता व्यापार करार करायचा, तर सीमेवर तपासणी आली. प्रत्येक वाटेची किंमत वेगळी आणि ती मोजायची तयारी असलेला गटही वेगळा.

२७ मार्च २०१९ला खासदारांनी हा तिढा स्वतःच सोडवायचा प्रयत्न केला. आठ पर्याय छापलेला कागद प्रत्येकाच्या हाती दिला गेला. प्रत्येक पर्यायापुढे होय किंवा नाही अशी खूण करायची आणि हवे तितके पर्याय पसंत करायची मुभा. आठही पर्याय पडले. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा मतदानाला आले, तेही चारही पडले. जकात संघाचा पर्याय तर २७३ विरुद्ध २७६, अवघ्या तीन मतांनी हुकला. कराराला जनतेची मंजुरी घ्यावी, हा पर्याय २८० विरुद्ध २९२ असा पडला. सगळा पेच या आकड्यांत आहे. नाकारायला दरवेळी बहुमत जमत होतं, स्वीकारायला एकदाही जमलं नाही.

गैरसमज ३ : पंतप्रधान खमक्या असत्या, तर त्यांनी पक्षाला गप्प बसवून करार मंजूर करून घेतला असता.

वस्तुस्थिती : हा समज आपल्याकडे विशेष दिसतो, कारण आपण तो आपल्या संसदेवरून करून घेतो. भारतात १९८५पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. व्हिप झुगारणाऱ्याला पक्ष फार तर संसदीय गटातून काढतो, जागा त्याच्याकडेच राहते. सप्टेंबर २०१९मध्ये जॉन्सन यांनी एका झटक्यात २१ बंडखोरांना गटाबाहेर काढलं. त्यांत दोन माजी अर्थमंत्री आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. तरी सगळे निवडणूक होईपर्यंत खासदार राहिले आणि सरकारची गणितं आणखी बिघडली.

शिवाय मे यांच्याकडे बहुमत होतंच कुठं? बहुमत वाढवायला म्हणून जून २०१७मध्ये त्यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि हातचं गमावून बसल्या. ६५० जणांच्या सभागृहात हुजूर पक्षाचे ३१७ उरले. उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं आणि नेमका याच पक्षाला करार सर्वांत जास्त खुपत होता.

गैरसमज ४ : एवढा मोठा पराभव झाल्यावर सरकार पडायलाच हवं होतं.

वस्तुस्थिती : २३० मतांनी हरलेल्या सरकारवर दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरलं. आदल्या रात्री मे यांना धूळ चारणारे हुजूर खासदार त्यांच्या मागे परत उभे राहिले. करार नको होता, पण मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन पंतप्रधान व्हावेत हे तर त्याहून नको होतं.

पंतप्रधानांनी मनात आणलं की निवडणूक, हेही तेव्हा शक्य नव्हतं. २०११च्या मुदतबद्ध संसद कायद्यानुसार मुदतपूर्व निवडणुकीला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागत. जॉन्सन यांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा आकडा गाठता आला नाही. शेवटी साध्या बहुमतानं एक छोटा स्वतंत्र कायदा करून १२ डिसेंबर २०१९ची निवडणूक ठरवली गेली. तोपर्यंत सरकारला कायदा करता येत नव्हता आणि विरोधकांना सरकार पाडता येत नव्हतं.

गैरसमज ५ : ब्रसेल्सनं ब्रिटनला सोडलंच नाही.

वस्तुस्थिती : कलम ५० अडवून ठेवण्यासाठी नाहीच. नोटीस दिल्यापासून दोन वर्षं संपली की सदस्यत्व आपोआप संपतं, करार झालेला असो वा नसो. ब्रिटननं २९ मार्च २०१७ला नोटीस दिली, म्हणजे २९ मार्च २०१९ला तो बाहेर असता. मुदतवाढ मागितली ती ब्रिटननं, दरवेळी. तिला उरलेल्या २७ देशांची एकमुखी संमती लागत होती आणि फ्रान्ससारखे देश लांबलचक मुदतवाढीला नाराजच होते. उलट डिसेंबर २०१८मध्ये युरोपीय न्यायालयानं स्पष्ट केलं, की ब्रिटनला नोटीस एकतर्फी मागेही घेता येईल. थोडक्यात, राहण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही दारं ब्रिटनच्याच हातात होती.

गैरसमज ६ : निर्णय झाला नाही, तर जैसे थे राहिलं असतं.

वस्तुस्थिती : एरवी संसदेत एकमत झालं नाही की जुनी व्यवस्था चालू राहते. इथं उलटं होतं. काहीच ठरलं नाही, तर विनाकरार बाहेर पडणं हाच कायद्यानं ठरलेला शेवट होता. १३ मार्च २०१९ला खासदारांनी ‘विनाकरार जायचं नाही’ असं मतदान केलं खरं, पण नुसत्या ठरावानं कायद्यातली तारीख हलत नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये खासदारांनी सरकारच्या मर्जीविरुद्ध कायदाच केला : १९ ऑक्टोबरपर्यंत करार मंजूर झाला नाही, तर पंतप्रधानांनी मुदतवाढीचं पत्र लिहिलंच पाहिजे. जॉन्सन यांनी पत्र पाठवलं, पण त्यावर सही केली नाही. सोबत सही केलेलं दुसरं पत्र जोडलं. त्यात मुदतवाढ देणं चुकीचं ठरेल, असं म्हटलं होतं. महासंघानं मुदतवाढ दिली.

त्याच सुमारास सरकारनं राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवडे तहकूब केली होती. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमतानं ही तहकुबी बेकायदा ठरवली. ब्रिटनची राज्यघटना एका पुस्तकात लिहिलेली नाही, म्हणून पंतप्रधानाला रान मोकळं आहे, हा समजही तिथंच निकालात निघाला.

गैरसमज ७ : आयर्लंडची सीमा हे निव्वळ निमित्त होतं.

वस्तुस्थिती : खरी मेख तिथंच होती. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, दक्षिणेतलं आयर्लंड प्रजासत्ताक महासंघाचा सदस्य. दोहोंमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा एक रस्ता काही किलोमीटरांत चार वेळा सीमा ओलांडतो. गाडी चालवणाऱ्याला ते कळतं फार तर वेगमर्यादेच्या पाटीवरून, कारण उत्तरेत मैल आणि दक्षिणेत किलोमीटर. उत्तरेतल्या गोठ्यांतलं बरंच दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं.

या सीमेवर एकेकाळी लष्कराच्या चौक्या आणि टेहळणी बुरूज होते. तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर चौक्या गेल्या. ब्रिटन जकात संघ सोडणार, तर माल कुठंतरी तपासावा लागणार. या सीमेवर तपासावा, तर शांतता धोक्यात. आयरिश समुद्रात तपासावा, तर देशांतर्गत सीमा उभी राहणार आणि डीयूपीला ते मान्य नाही. मे यांच्या करारातली ‘बॅकस्टॉप’ ही तरतूद अख्ख्या ब्रिटनला काही काळ महासंघाच्या जकात व्यवस्थेत ठेवून दोन्ही टाळत होती, पण त्यात सुटका नाही म्हणून ब्रेक्झिटवाले भडकले. जॉन्सन यांनी तपासणी समुद्रात नेली. जकात संघ सोडणं, आयर्लंडमधली सीमा मोकळी ठेवणं आणि देशांतर्गत सीमा टाळणं, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळू शकत होत्या, हे गणित कुणाच्याही जिद्दीनं बदलणारं नव्हतं.

गैरसमज ८ : ज्यांना फटका बसणार होता, त्या सगळ्यांनी सार्वमतात मत दिलं.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताधिकार होता. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहणारा पुणेकर मत देऊ शकत होता. महासंघातल्या बहुतेक देशांच्या नागरिकांना मात्र तो नव्हता. १९ डिसेंबर १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर अनेक गोवेकर कुटुंबं ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात, स्थायिक झाली. स्विंडननं बाहेर पडायच्या बाजूनं कौल दिला आणि पोर्तुगीज पासपोर्टवरचे तिथले गोवेकर तो बघत बसले. पुढे ३० जून २०२१पर्यंत त्यांना वास्तव्याच्या हक्कासाठी रीतसर अर्ज करावे लागले.

गैरसमज ९ : ३१ जानेवारी २०२०ला सगळं मिटलं.

वस्तुस्थिती : त्या रात्री सदस्यत्व संपलं. नियम ३१ डिसेंबर २०२०पर्यंत जुनेच चालले आणि व्यापार करार जुळला तो २४ डिसेंबरला, मुदत संपायला आठवडा असताना. समुद्रातल्या तपासणीच्या निषेधार्थ डीयूपीनं फेब्रुवारी २०२२पासून दोन वर्षं उत्तर आयर्लंडचं प्रांतिक सरकार चालू दिलं नाही. मधे २०२३मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना ‘विंडसर फ्रेमवर्क’ नावाची नवी तडजोड करावी लागली.

मग कोंडी फुटली कशानं? समेटानं नव्हे. डिसेंबर २०१९च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतं मिळाली आणि ब्रिटिश निवडणूक पद्धतीत तेवढ्यावर ६५०पैकी ३६५ जागा पदरात पडल्या. मतदार होते तसेच निम्मे-निम्मे विभागलेले राहिले, बदललं ते सभागृहातलं संख्याबळ. तेव्हा पुढे कुठल्याही देशात ‘हो की नाही’ असं सार्वमत जाहीर झालं, तर वाचकांनी आधी एवढंच शोधावं : ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय, याचं उत्तर मतपत्रिका छापण्यापूर्वी कुणी लिहून ठेवलंय का? ब्रिटनमध्ये ते कुणीच लिहिलेलं नव्हतं.