गाडी मालकाची, कैद ड्रायव्हरची

नागपूर-हैदराबाद महामार्ग हिंगणघाटवरून जातो, समृद्धी महामार्गही वर्धा जिल्ह्यातूनच जातो. त्यामुळे इथे रात्रंदिवस ट्रकची वर्दळ असते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मात्र विदर्भात अनेक ड्रायव्हर ‘स्टिअरिंग छोडो’ म्हणत खाली उतरले. टँकर येणार नाहीत या धास्तीने पंपांवर रांगा लागल्या.

राग होता नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वर. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सात लाखांच्या दंडाचा आकडा तेव्हा तोंडोतोंडी फिरला. कलमात तो नाहीच. दहा वर्षे मात्र खरी होती.

थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, असे ड्रायव्हर सांगतात. ही निव्वळ सबब नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी चालकावर टाकते, पण जमावाच्या रोषामुळे ते जमले नाही तर सूटही देते. नव्या कलमात अशी सूट लिहिलेली नाही. अर्थात ते थांबा म्हणत नाही, कळवा म्हणते, आणि पुढच्या ठाण्यावर जाऊनही कळवता येते. शिवाय पळालेली गाडी सापडली नाही, तर मृताच्या घरच्यांच्या हाती एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेतले दोन लाख येतात. त्याआधी पंचवीस हजारच होते. त्यांच्या बाजूने कुणी चक्काजाम करत नाही.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी चर्चा केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. मालकाने द्यायची नुकसानभरपाई बहुधा विमा कंपनी भरते. कैदेचा विमा निघत नाही, आणि ती भोगायची ड्रायव्हरने. तरी त्याच्याविषयीची बोलणी झाली ती मालकांशी. चर्चेविना कलम लागू करणार नाही, हे आश्वासन घेऊन संप मिटला.

फेब्रुवारीत अधिसूचना निघाली. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, १०६(२) वगळून. शेजारचे १०६(१) मात्र लागू झाले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये कमाल दोन वर्षे होती, आता पाच आहेत. पळून न गेलेल्या ड्रायव्हरलाही हेच कलम लागते, पण रस्त्यावर त्याची चर्चा फारशी झालीच नाही.