ताइकान आणि बंगालचा ओला कागद

१९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन तरुण जपानी चित्रकार कलकत्त्याला आले. त्यांचे गुरू ओकाकुरा आदल्या वर्षी तिथे राहून गेले होते. ठाकूर घराण्याशी त्यांचा स्नेह जडला होता. मायदेशी या दोघांवर टीकेची झोड उठली होती. जपानी चित्राचा कणा म्हणजे रेषा. यांनी तीच पुसून धुकं आणि ओलसर हवा नुसत्या छटांनी रंगवायला घेतली होती.

त्याच घराण्यातले चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर ताइकानचं काम जवळून पाहत. रंग देता देता ताइकान पाण्यात भिजवलेला ब्रश चित्रावरून हलकेच फिरवीत. अवनींद्रनाथांनी पुढची पायरी स्वतःच गाठली: त्यांनी अख्खं चित्रच पाण्यात बुडवलं!

बंगालचा 'वॉश' तो हाच. आधी कागदावर रेखाटन, मग पातळ जलरंग. रंग वाळला की कागद पाण्यात बुडवायचा. सुटा रंग निघून जातो, कागदात मुरलेला तेवढा राहतो. मग ओल असतानाच रुंद ब्रशने एखादी फिकट छटा सबंध चित्रावर फिरवायची, वाळवायचं, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं कितीदा तरी. शेवटी रंग कागदावर लावलेला वाटतच नाही, आतून उमटलेला वाटतो. अवनींद्रनाथांची १९०५ची 'भारतमाता' याच रीतीने घडली: भगवी वस्त्रं, चार हात, त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, माळ आणि शुभ्र कापड.

ही नक्कल नव्हे, असं माझं ठाम मत आहे. जपानी रेशमावरची युक्ती इथे वेगळ्याच कागदावर, वेगळ्याच हातांनी नव्याने जन्मली. पुढे शिष्यांच्या शिष्यांनी मात्र तिची सवय करून टाकली. जो तो धूसर, हळवी चित्रं काढू लागला. अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस वेळीच रेषेकडे आणि भित्तिचित्रांकडे वळले. मराठी चित्रकार विनायक मासोजी शांतिनिकेतनात त्यांचे शिष्य झाले.

ताइकानही रिकाम्या हाताने परतले नाहीत. १९०९च्या त्यांच्या चित्रात भारतीय स्त्रिया गंगेत दिवे सोडताना दिसतात.

पुढे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून जपानी चित्रकार आराइ काम्पो आले. त्यांनी ठाकूर घराण्याच्या जोरासांकोच्या वाड्यात जपानी चित्रकला शिकवली आणि अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या तोक्योला गेल्या आणि १९२३च्या भूकंपात नष्ट झाल्या.

'भारतमाता' कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संग्रहात आहे. छापील प्रतीत वॉशची खोली हरवते, नुसता मळकट पिवळा रंग उरतो. मूळ चित्र मांडलेलं असेल तेव्हा आवर्जून जा आणि अगदी जवळून पाहा.