चाहत्यांचे भक्तिशब्द

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात ५६ गीते. श्रोत्यांनी रेडिओला हार घातले आणि ती गीते लिहिणारे गदिमा ‘आधुनिक वाल्मीकी’ झाले. तानसेनावरून रसिकांसाठी ‘कानसेन’ हा शब्द आला, लेखक पुलंच्या चाहत्यांना ‘पुलकित’ ही कोटी चिकटली.

रसिकता आणि भक्तीची ही सांगड शब्दांतच नव्हे, जत्रेतही दिसते. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या दत्तजयंती यात्रेत तर एकमुखी दत्ताचे दर्शन, घोडेबाजार आणि तमाशा असे सगळे एकत्रच. ‘फड’ वारकऱ्यांचाही असतो, तमाशाचाही! मग दरवर्षी न चुकता तमाशा गाठणाऱ्याला ‘फडवारकरी’ आणि सिनेमावेड्याला ‘पडदापंथी’ का म्हणू नये? मला ‘फडवारकरी’ अधिक आवडतो. त्यात दोन्ही फडांची निष्ठा मावते.