यंत्रांच्या मैफिलीतील माणसे

गिटारवादकाचे चित्रीकरण करणे कॅमेऱ्याला सोपे जाते. तारेवरची बोटे, घामेजलेला चेहरा, मानेला दिलेला झटका यांपैकी काहीही टिपले तरी पडद्यावर काहीतरी घडते आहे असे वाटते. सिंथेसायझर वाजवणारा मनुष्य मात्र बहुधा एका जागी उभा असतो. तो दोन बोटांनी चार पट्ट्या दाबतो आणि सभागृहात अख्खा गायकवृंद उभा राहिल्यासारखा नाद भरून जातो. कृती एवढीशी आणि परिणाम प्रचंड, अशी ही विसंगती असते. त्यामुळेच सिंथ-पॉप या संगीतप्रकाराचा मैफिलपट करणे ही दिसते त्याहून अवघड गोष्ट आहे. त्यातच वाद्यवृंद फुटून पुन्हा एकत्र आलेला असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. पडद्यावर दिसते ती जुन्या दिवसांची नक्कल, की त्या माणसांमध्ये खरोखरच काही शिल्लक आहे?

‘ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क’ अर्थात ओएमडी या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘लाइव्ह : आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी अँड मोअर’ हा मैफिलपट या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. २००७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो सभागृहात त्याचे चित्रीकरण झाले आणि २००८ मध्ये तो डीव्हीडीच्या रूपाने बाजारात आला.

या मंडळींची पार्श्वभूमी थोडी जाणून घ्यायला हवी. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे असलेल्या विरल भागातील अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे शाळेपासूनचे मित्र. सप्टेंबर १९७५ मध्ये लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. सोळा वर्षांच्या मॅक्लस्कीने तो पाहिला आणि आपला मार्ग निश्चित केला. हम्फ्रीजला इलेक्ट्रॉनिक्सची जाण होती. हाताशी पैसा नव्हता, म्हणून जुन्या यंत्रांचे भाग जोडून आवाज काढण्याचे उद्योग सुरू झाले. ऑक्टोबर १९७८ मध्ये लिव्हरपूलच्या ‘एरिक्स’ क्लबमध्ये त्यांनी पहिला कार्यक्रम केला, तेव्हा रंगमंचावर माणसे दोनच होती. तिसरा साथीदार होता एक टेपरेकॉर्डर! ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या नायकावरून त्याचे नाव ‘विन्स्टन’ ठेवण्यात आले होते. पुढे ढोलवादक माल्कम होम्स आणि कीबोर्ड व सॅक्सोफोन वाजवणारा मार्टिन कूपर यांची भर पडली आणि चौघांचा संच पूर्ण झाला.

१९८१ चा ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम. त्यातील ‘सूव्हेनिर’, ‘जोन ऑफ आर्क’ आणि ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ ही तिन्ही गाणी ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या पाचांत पोहोचली. त्यांपैकी दोन गाणी पंधराव्या शतकात जाळल्या गेलेल्या एकाच फ्रेंच वीरांगनेवर होती. पॉप संगीताच्या बाजारात असे धाडस क्वचितच खपते. पुढील दशकात अमेरिकेत नाव झाले, तसे खर्च आणि ताणही वाढले. १९८९ मध्ये हम्फ्रीज, होम्स आणि कूपर बाहेर पडले. मॅक्लस्कीने नाव स्वतःकडे ठेवून १९९६ पर्यंत गाडा ओढला आणि मग तोही थांबला. २००५ मध्ये एका जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निमंत्रण आले, त्यातून चौघांचे पुन्हा बोलणे सुरू झाले आणि २००७ मध्ये दौरा निघाला.

मैफिलीची आखणी सरळ आहे. पूर्वार्धात ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ संपूर्ण, उत्तरार्धात इतर लोकप्रिय गाणी. या पूर्वार्धातच चित्रपटाचे खरे मोल आहे. एरवी पुनर्मीलनाच्या दौऱ्यात श्रोत्यांना हवी ती दहा-पंधरा गाणी वाजवून निरोप घेण्याचा प्रघात असतो. येथे मात्र ‘सीलँड’सारखी संथ, समुद्रावरच्या धुक्यासारखी पसरत जाणारी, रेडिओवर कधीही न वाजणारी रचना हजारो लोकांपुढे पूर्ण वाजते. तीत टाळ्या घेण्याची एकही जागा नाही.

या अल्बमचा नाद ज्या वाद्यावर उभा आहे ते मेलोट्रॉन. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय २००७ च्या मैफिलीत काय बदलले ते कळणार नाही. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. त्यावर व्हायोलिनचा किंवा गायकवृंदाचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते, सोडली की स्प्रिंगच्या ओढीने मागे जाते. फितीची लांबी सुमारे आठ सेकंदांची. म्हणजे कोणताही स्वर त्याहून जास्त धरून ठेवता येत नाही. शिवाय फितीची गती थोडी कमी-जास्त होत असल्याने स्वर किंचित थरथरतो. १९८१ च्या अल्बममधील ती जुनाट, चर्चमधून ऐकू यावी तशी उदासी या यांत्रिक दोषातून आलेली आहे. असे अवजड आणि लहरी यंत्र दौऱ्यावर नेणे म्हणजे रोज संकटाला निमंत्रण. डिजिटल युगात तेच नाद नमुन्यांच्या रूपात साठवून साध्या कीबोर्डमधून काढता येतात. ते अधिक स्वच्छ असतात आणि दगा देत नाहीत. चित्रपटात ऐकू येणारा नाद म्हणूनच मूळ तबकडीपेक्षा भरीव आणि नितळ आहे. पण ती थरथर थोडी हरवली आहे, हेही मान्य करावे लागते. जुन्या वाड्याला नवा रंग दिल्यावर भिंती सरळ दिसू लागतात, तसे काहीसे.

ही उणीव भरून निघते ती माणसांमुळे. पन्नाशीकडे झुकलेला मॅक्लस्की हात-पाय झोकून ज्या आवेशाने नाचतो, त्या नृत्याला ब्रिटनमध्ये थट्टेने ‘शिकाऊ शिक्षकाचे नृत्य’ म्हणतात. त्यात ना डौल ना तालीम. पण हीच अवघड हालचाल कॅमेऱ्याच्या कामी येते. यंत्रांमागे स्थिर उभ्या असलेल्या हम्फ्रीज आणि कूपर यांच्यापुढे हा एक माणूस जणू त्या यंत्रांतली वीज अंगावर घेतो. ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’मध्ये तीन मात्रांच्या लयीवर ढोल कोसळू लागतात आणि मॅक्लस्की गिरक्या घेऊ लागतो, तेव्हा ध्वनिमुद्रण ऐकताना न कळलेली एक गोष्ट लक्षात येते. हे गाणे मुळात शोकगीत नसून लढाईची हाक आहे.

‘सूव्हेनिर’ मात्र हम्फ्रीज गातो. त्याचा आवाज लहान, मृदू, थोडा संकोची. हे गाणे त्याने आणि कूपरने मिळून रचलेले, गायकवृंदाच्या ध्वनिफितींचे वेटोळे पुनःपुन्हा फिरवून त्यातून घडवलेले. रचणारे दोघेही पुन्हा एका रंगमंचावर उभे असल्याने या गाण्याला येथे वेगळेच वजन आले आहे. याउलट ‘सेलिंग ऑन द सेव्हन सीज’ हे १९९१ चे यशस्वी गाणे मॅक्लस्कीने इतर तिघे सोडून गेल्यानंतर केले होते. ज्या गाण्यात आपला वाटा नव्हता, तेही ही मंडळी साथीला वाजवतात. पुनर्मीलन म्हणजे काय, ते मुलाखतींतून कळत नाही तेवढे अशा एखाद्या क्षणातून कळते.

ओएमडीच्या गाण्यांचे आणखी एक वैशिष्ट्य मैफिलीतच उलगडते. ‘इलेक्ट्रिसिटी’ किंवा ‘एनोला गे’ या गाण्यांना रूढ अर्थाने शब्दांचे धृपद नाही. धृपदाच्या जागी सिंथेसायझरची एक साधी, लक्षात राहणारी धून येते. परिणामी श्रोते शब्दांऐवजी ती धूनच गाऊ लागतात. ‘एनोला गे’ हे हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचे नाव आणि गाणेही त्या घटनेबद्दलच. एवढ्या भीषण विषयावरील धून सारे सभागृह आनंदाने गात आहे, हा विरोधाभास १९८० पासून या गाण्याच्या पोटात आहेच. घरी तबकडी ऐकताना तो जाणवत नाही.

मग चित्रपट म्हणून हा प्रयत्न कुठे कमी पडतो? पुढील तुलना थोडी अन्यायकारक वाटेल, पण ती टाळता येत नाही. हॅमरस्मिथचे हेच सभागृह ‘ओडिअन’ म्हणून ओळखले जात असताना, जुलै १९७३ मध्ये डी. ए. पेनेबेकर या अमेरिकी माहितीपटकाराने तेथे डेव्हिड बोवीची ‘झिगी स्टारडस्ट’ या रूपातील अखेरची मैफल चित्रित केली होती. त्याच पेनेबेकरने सहकाऱ्यांसह १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे ‘डिपेश मोड’ या सिंथ-पॉप वाद्यवृंदाची रोझ बोल मैदानावरील मैफल टिपली. तिच्यावरचा ‘१०१’ हा चित्रपट रंगमंचाइतकाच रंगमंचाबाहेर रमतो. बसमधून प्रवास करणारे तरुण चाहते, मैफिलीनंतर होणारा पैशांचा हिशेब, कंटाळा, भांडणे असे सारे त्यात येते. गंमत म्हणजे त्या दिवशी मैदानावर डिपेश मोडच्या आधी वाजवणाऱ्यांत ओएमडीही होते आणि त्यानंतर वर्षभरातच त्यांचा संच फुटला. हा सारा इतिहास हाताशी असताना २००८ च्या चित्रपटाने सभागृहाच्या चार भिंतींतच राहणे पसंत केले. अठरा वर्षांनी एकत्र येताना या चौघांच्या मनात काय चालले होते, ते प्रेक्षकाने चेहऱ्यांवरून ओळखायचे. ज्याला ओएमडी ठाऊक नाही, त्याला ही केवळ नेटकी चित्रित केलेली मैफल वाटेल. सगळा आशय जाणकार प्रेक्षकाच्या आठवणींवर सोपवणे, हा या प्रकारच्या डीव्हीडींचा जुनाच दोष आहे.

असे असले तरी चित्रपटाचे महत्त्व काळाच्या ओघात वाढत गेले आहे आणि त्याला कारण माल्कम होम्स आहे. सिंथ-पॉप म्हणजे यंत्रांचे ढोल ही समजूत ओएमडीच्या बाबतीत अर्धीच खरी. यंत्राच्या काटेकोर ठेक्याला होम्सच्या हातांनी मिळणारा जोर हे त्यांच्या प्रत्यक्ष मैफिलीचे बलस्थान होते. मुद्रित अल्बमपेक्षा हॅमरस्मिथची मैफल जी अधिक रांगडी वाटते, तिचे श्रेय बरेचसे त्याला जाते. पुनर्मीलनानंतर या संचाने २०१० मध्ये ‘हिस्टरी ऑफ मॉडर्न’ आणि २०१३ मध्ये ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ हे नवे अल्बम काढले. जुन्या पुण्याईवर जगण्याचा आरोप त्यांनी परस्पर खोडून काढला होता. मात्र जुलै २०१३ मध्ये टोरांटो येथील मैफिलीत तीव्र उष्म्याने होम्स कोसळला. त्याचे हृदय काही काळ बंद पडले होते. तो वाचला, पण ओएमडीच्या ढोलांमागे परतला नाही. त्याची जागा स्टुअर्ट कर्शॉने घेतली आणि २०२३ चा ‘बाउहाउस स्टेअरकेस’ हा अल्बम आला तो होम्सविना.

‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ ज्या चौघांनी १९८१-८२ मध्ये गावोगावी वाजवला, त्याच चौघांनी तो संपूर्ण वाजवल्याचे हे चित्रण आहे. ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’च्या सुरुवातीचा गोंगाट विरतो आणि ढोलाचा पहिला ठोका पडतो, तो होम्सचा आहे.